२१ दिवसांचा कार ड्रायव्हिंग कोर्स: क्लचला पैकीच्या पैकी, झेब्रा पट्ट्याला काठावर पास

कोल्हापुरात कार शिकायचं म्हटलं की पॅकेज ठरलेलं असतं. २१ दिवस, रोज अर्धा तास, छोटी हॅचबॅक, मास्तरांच्या पायाखाली जादाचा ब्रेक आणि क्लच, शिवाय लर्निंगपासून पक्क्या लायसन्सपर्यंत आरटीओची कागदपत्रं. राजारामपुरीत घ्या, शाहूपुरीत घ्या नाहीतर फुलेवाडीत, मांडणी साधारण हीच. म्हणून एखाद्या शाळेचं नाव घेऊन तारे वाटण्यापेक्षा इथे या कोर्सचीच परीक्षा घेतली आहे, आणि तीही एकाच विषयात. पुढे माणूस रस्ता ओलांडत असेल तर गाडी कुठे, कशी आणि किती आधी थांबवायची, हे पैसे भरून शिकायला मिळतं का?

मिळतं, पण अर्धंमुर्धं. जे राहतं ते का राहतं हे कळलं, तर मात्र त्याच फीमध्ये वसूल करून घेता येतं.

आधी तासांचा हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे खाजगी गाडीसाठी ट्रेनिंग किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं हवं. २१ अर्धे तास म्हणजे साडेदहा तास, कागदावर चोख. पण त्या अर्ध्या तासातच आधीच्या शिकाऊला घरी सोडणं, पुढच्याला उचलणं, मधेच सीएनजीची रांग आणि मास्तरांचे फोन असतात. स्टिअरिंग तुमच्या हातात वीस मिनिटं राहिलं तर २१ दिवसांत ७ तास भरतात. शाळेला दोन रजिस्टरं ठेवावी लागतात: फॉर्म १४ मध्ये शिकाऊंची नावनोंदणी आणि फॉर्म १५ मध्ये कोण किती वेळ गाडीवर होतं त्याची नोंद. शेवटी मिळणारा फॉर्म ५ चा दाखला याच तासांच्या जिवावर मिळतो. भांडायची गरज नाही. "सर, माझी एंट्री कुठं हाय बघू," एवढं आठवड्यातून एकदा विचारलं तरी तास पुरे भरायला लागतात.

आता जे चांगलं आहे ते. क्लच, गिअर, स्टिअरिंग, रिव्हर्स यांत हा कोर्स पैसे वसूल आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या बोळांत समोरून रिक्षा आली की आरसे मिटून, हाफ क्लचवर, दोन्ही बाजूंना चार बोटं राखून गाडी काढायला इथले मास्तर ज्या शांतपणे शिकवतात, त्याला तोड नाही. मिरजकर तिकटी किंवा पापाची तिकटी अशा ठिकाणी तीन बाजूंचा अंदाज एकाच वेळी घ्यायचा सरावही होतो. गाडीची रुंदी डोक्यात बसते. ज्यांना फक्त गाडी हलवायला शिकायचं आहे, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. अर्थात गाडी घेऊन ती माणसं पुढे आपल्याच गल्लीत येणार आहेत, ही वेगळी गोष्ट.

झेब्रा पट्ट्याकडे आलं की गाडी अडखळते.

नियम काय आहे ते बघा, कारण तो वाटतो त्याहून कडक आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार, जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा पादचारी पट्ट्याजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी जाणाऱ्याला, व्हीलचेअरवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. पुढे गाड्या तुंबल्या असतील आणि आपल्याला पट्ट्यावरच उभं राहावं लागेल असं दिसत असेल, तर पट्ट्यावर चढायचंच नाही. सिग्नलला पुढच्या गाडीच्या बंपरला नाक लावून पट्ट्याच्या मधोमध थांबणं ही आपल्याकडे सवय झाली आहे. नियमाच्या भाषेत तो गुन्हा आहे. हे विनियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ मध्ये ५०० ते १००० रुपये दंड आहे. लाल सिग्नल तोडणं थेट धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम १८४ मध्ये जातं: पहिल्या खेपेला १००० ते ५००० रुपये, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. निष्काळजीपणे चालवून कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

लायसन्सच्या परीक्षेचा नियम तर आणखी स्पष्ट आहे. परीक्षार्थीला कोणकोणती कामं जमली पाहिजेत याची यादी १९८९ च्या नियमांतल्या १५ व्या नियमात दिली आहे. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या पादचारी पट्ट्यावर ओलांडणाऱ्याला प्राधान्य देऊन योग्य वागता आलं पाहिजे, हे त्या यादीत सरळ लिहिलं आहे. प्रत्यक्षात ट्रॅकवर गाडी वळवून, रिव्हर्स घेऊन, चढाला उचलून दाखवायची असते. मधे कुणी आजी पिशवी घेऊन आडवी येत नाही. लर्निंगच्या संगणकावरच्या परीक्षेत १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की पास, म्हणजे पादचाऱ्याचे दोन-तीन प्रश्न चुकले तरी कागद हातात पडतो. शाळा परीक्षेत विचारतात तेवढं शिकवते. शाळेला फार दोष देता येत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून आपलं नुकसान व्हायचं ते होतंच.

माणसासमोर थांबणं शिकाऊला जमत नाही त्याची पहिली आणि मोठी जबाबदारी त्या जादाच्या ब्रेकवर आहे. ड्युअल कंट्रोल सुरक्षेसाठी सक्तीचंच आहे, ते हवंच. पण कुणी आडवं आलं की मास्तर सवयीने पाय टाकतात. गाडी थांबते, शिकाऊला वाटतं आपण थांबवली. विसाव्या दिवशीही त्याच्या उजव्या पायाला माणूस बघून ब्रेककडे जायची सवय लागलेली नसते. एकविसाव्या दिवसानंतर तो वडिलांची गाडी घेऊन एकटा निघतो आणि डाव्या सीटखाली ब्रेक नसतो. हे तपासायचं सोपं आहे: मास्तरांच्या पायाकडे लक्ष द्या. आठव्या-नवव्या दिवसानंतरही त्यांचा पाय पेडलवर टेकलेला असेल तर विनंती करा, "सर, आज तुम्ही फक्त तोंडानं सांगा, अगदीच गरज पडली तर दाबा."

दुसरं कारण क्लचच्या भीतीचं, आणि याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. नवख्याला पूर्ण थांबायचं जिवावर येतं. थांबलो की पुन्हा पहिला गिअर, पुन्हा क्लच सोडायचा, गाडी बंद पडली की मागे हॉर्नांचा गोंधळ. म्हणून तो थांबतच नाही. हाफ क्लचवर गाडी इंच इंच पुढे सरकवत राहतो. ओलांडणाऱ्याच्या गुडघ्याकडे बंपर सरकत येतो, तो माणूस बिचकून पळतो किंवा मागे फिरतो. क्लच प्लेट जळते ती वेगळीच. या आजाराला औषध एकच. सपाट रिकाम्या जागी ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसत्या क्लचवर गाडी उचलायचा सराव लागोपाठ वीस-पंचवीस वेळा करायचा. क्लच कुठे पकडतो ती जागा पायाला कळली की थांबायची भीती जाते. मग सौम्य चढावर हँडब्रेक लावून तेच. आधी हे येऊ द्या, मग माणसांत जा.

तिसरं कारण वेळापत्रकाचं. सकाळी सहा-साडेसहाची बॅच सगळ्यांना हवी असते, कारण रस्ता मोकळा. मोकळ्या रस्त्यावर हात बसतो, पण ज्याच्यासाठी थांबायचं ते माणूसच तिथे नसतं. पहिला आठवडा ठीक. पुढचे दोन आठवडे त्याच वेळेत काढले तर कोर्स अर्धाच घेतला म्हणा.

चौथं कारण म्हणजे गाडीत मिळणारे तोंडी सल्ले. "थांबू नको, मागनं येऊन बसतंय कुणीतरी." "हॉर्न मार, सरकत्यात." "मागनं काढ." तिन्ही सल्ल्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहेत.

मागून ठोकेल ही भीती खरी आहे. पण मागचा ठोकतो तो तुम्ही थांबलात म्हणून कमी आणि अचानक थांबलात म्हणून जास्त. पट्टा दिसला की आधी आतला आरसा, मग उजवा आरसा. मागे दुचाकी चिकटून असेल तर ब्रेक लवकर आणि हलका टेकवा, नुसता लाल दिवा पेटण्याइतका. मागच्याला दोन-तीन सेकंद आधी कळलं की तो आपोआप सैल पडतो. हे लवकर करायचं म्हणजे किती लवकर? भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात चालकाचं भान येऊन पाय ब्रेकवर जायला अडीच सेकंद धरले आहेत. त्या हिशेबाने ताशी २० किलोमीटरला गाडी पूर्ण थांबायला साधारण २० मीटर लागतात, ३० ला ३०, आणि ४० ला ४५ मीटर. चाळिसात सेकंदाला ११ मीटर जातात; ४५ पैकी जवळपास २८ मीटर नुसते पाय हलेपर्यंतच संपतात. चार केएमटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढ्यावरून निर्णय घ्यायचा आहे. गर्दीच्या चौकाकडे येताना वेग विशीत आणला तर हे सगळं निम्म्याहून खाली येतं. शहरात पट्ट्यासमोर विशी-पंचविशी हाच वेग, बाकी सगळी पुढची कसरत.

हॉर्न आणि डिपर. आपल्याकडे डिपरचा अर्थ "मी येतोय, थांब" असा घेतात. पुस्तकं वाचून आलेल्याला तो "जा तुम्ही" असा वाटू शकतो. एकाच खुणेचे दोन अर्थ आणि मधे चालता माणूस. माणसासाठी डिपर वापरूच नका. हॉर्नने म्हातारं माणूस सरकत नाही, जागच्या जागी गोठतं. पोर असेल तर पळतं, आणि कुठल्या दिशेला ते त्यालाही माहीत नसतं. शिवाय रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर हा शांतता क्षेत्राचा टापू असतो. सीपीआर रुग्णालयासमोर बोट हॉर्नवर ठेवून शिकवणारा मास्तर एकाच वेळी दोन नियम मोडायला शिकवतो आहे.

"मागनं काढ" यावर जरा थांबायला हवं, कारण चांगले, सभ्य चालकही हेच करतात आणि त्यांना ते बरोबर वाटतं. माणूस डावीकडून उजवीकडे चालला आहे, तर त्याच्या पाठीमागून गाडी काढायची. चालत्या माणसाच्या गणितात हे बसतं. पण आपल्याकडे रस्ता एका दमात ओलांडला जात नाही. माणूस एक-एक ओळ पार करत मधे थांबतो, उजवीकडून बुलेट दणदणत आली की एक पाऊल मागे घेतो. ते मागचं पाऊल नेमकं तुम्ही मोकळी समजलेल्या जागेत पडतं. पट्ट्यावर माणूस असेल तर पुढूनही नाही आणि मागूनही नाही, थांबायचं. तो तुमच्या गाडीच्या रुंदीतून बाहेर पडून पलीकडच्या कडेच्या वाटेला लागला की मग निघायचं. रस्ते काँग्रेसच्या हिशेबात चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर. सात मीटरचा रस्ता म्हणजे सहा सेकंद. काठी टेकत चाललेल्या आजोबांना नऊ-दहा. थांबण्याची किंमत एवढीच आहे.

थांबायची जागा ही या कोर्समधली सगळ्यात दुर्लक्षित बाब. मानकाप्रमाणे झेब्राचे पट्टे ५० सेंटिमीटर रुंद, मधली फट ५० सेंटिमीटर, आणि ओलांडायची वाट साधारण दोन ते चार मीटर रुंद असते. तिच्या अलीकडे आडवी स्टॉप लाइन. गाडीचा पुढचा बंपर त्या आडव्या रेषेच्या अलीकडे हवा, रेषेवर नको. अडचण अशी की चालकाच्या सीटवरून बॉनेटच्या पुढची काही मीटर जमीन दिसतच नाही. छोट्या हॅचबॅकमध्येही तीन-चार मीटर, सीट खाली असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे नवख्याला रेषेवर थांबलो असं वाटतं तेव्हा तो पट्ट्यात घुसलेला असतो. किंवा घाबरून दहा मीटर अलीकडे थांबतो आणि त्या जागेत दोन रिक्षा येऊन उभ्या राहतात.

यासाठी एक तास खर्च करा. मैदानात किंवा रिकाम्या रस्त्याच्या कडेला खडूने आडवी रेघ ओढा. तिच्यापाशी गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, खाली उतरा आणि बंपर ते रेघ अंतर पावलांनी मोजा. पुन्हा बसा आणि बघा: रेघ बॉनेटच्या कडेला कुठे लपते, उजव्या आरशाच्या खालच्या कडेशी कुठे येते. पाच-सहा फेऱ्यांत त्या गाडीची खूण डोळ्यात बसते. मग दुसऱ्या उंचीच्या माणसाने सीट बदलली की खूणही बदलते, हेही लगेच कळतं. जिथे रेषा झिजून गेली आहे तिथे साधा नियम: पहिल्यापासून शेवटपर्यंत पट्टे बॉनेटवरून अख्खे दिसत राहिले पाहिजेत. पट्ट्याची अलीकडची कड दिसेनाशी झाली की तुम्ही जास्त पुढे आलात.

थांबल्यावर दोन गोष्टी, आणि दोन्ही सहसा शिकवल्या जात नाहीत. पहिली: न्यूट्रल आणि हँडब्रेक. पाय क्लचवर घट्ट दाबून, पहिल्या गिअरमध्ये, समोर माणसं असताना उभं राहणं म्हणजे मागून कुणी जरा धक्का दिला की पाय सुटून गाडी पुढे. दुसरी: हात हलवून "या या" म्हणू नका. तुम्ही थांबलात, पण तुमच्या उजवीकडून येणारा थांबणार आहे याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. आपल्याकडच्या दोन ओळींच्या रस्त्यांवर हाच घात असतो: डावीकडची गाडी सौजन्याने थांबते, तिच्या आडून माणूस पुढे येतो आणि उजव्या ओळीतली दुचाकी त्याला अंगावर आल्यावरच बघते. म्हणून उलट बाजूनेही लक्षात ठेवायचं. पट्ट्यासमोर दुसरी गाडी थांबलेली दिसली तर ती बंद पडली असेल असं समजून बगल देऊ नका. ती कुणासाठी तरी थांबली आहे असंच धरा आणि तिच्या बरोबरीला थांबा. स्टॉपवर उभ्या केएमटीच्या पुढून कुणीतरी निघणारच, हेही त्यातच आलं.

वळणावरची चूक वेगळी. उजवीकडे वळताना शिकाऊची सगळी नजर समोरून येणाऱ्या गाड्यांवर असते, फट मिळाली की तो घुसतो. ज्या रस्त्यात घुसतो त्याच्या तोंडाशी पट्टा असतो आणि त्यावर माणूस. त्यात गाडीच्या समोरच्या काचेच्या कडेचा खांब वळताना नेमका त्या माणसाला झाकतो. गाडी आणि माणूस एकाच लयीत सरकत असतील तर तो कितीतरी वेळ खांबामागेच राहतो. उपाय लाजिरवाणा दिसतो पण कामाचा आहे: वळण्याआधी मान पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघायचं. डावीकडे वळताना डावा आरसा आणि डावा खांदा, कारण त्या फटीत दुचाकी शिरलेली असते. आणि फ्री लेफ्ट तिथेच, जिथे तशी पाटी किंवा हिरवा बाण आहे. बाकी सगळीकडे लाल म्हणजे डावीकडेही लाल. फ्री लेफ्ट असला तरी तो गाडीला गाडीपासून मोकळीक देतो. पट्ट्यावरच्या माणसाचा हक्क तिथेही आधी.

सराव कुठे करायचा याचा क्रम मास्तरांशी आधीच ठरवून घ्या. शिवाजी विद्यापीठाच्या बाजूचे रुंद रस्ते क्लच आणि स्टॉप लाइनसाठी बरे. दुसऱ्या आठवड्यात दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक ही स्टेशन रोडची ओळ. बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन दोन्ही हाताशी, त्यामुळे बॅगा घेतलेली, घाईतली, रस्त्याची ओळख नसलेली माणसं मिळतात. अशा माणसाला गाडी दिसलेली नसते असं धरून चालवणं हाच खरा धडा. मग भाऊसिंगजी रोड. तिथे सीपीआर आहेच, आणि त्यासमोर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. रुग्णांचे नातेवाईक, वकील, पक्षकार, सगळे पायी. संध्याकाळी रंकाळ्याकडचा एक फेरा हवा: फिरायला आलेली कुटुंबं, फुगा घेऊन हात सोडवणारी पोरं, आणि उलट्या बाजूला भेळीची गाडी. बॉनेटच्या उंचीपेक्षा लहान मूल दिसत नाही हे तिथे पाच मिनिटांत कळतं. महाद्वार रोडला शिकाऊ गाडी नेऊ नका. अंबाबाईच्या भाविकांची ती चालायची वाट आहे, तिथे शिकण्यासारखं काही नाही आणि त्रास सगळ्यांना.

हवामान आणि हंगामाचे दोन धडे इथले खास. जुलै-ऑगस्टच्या पावसात कोर्स घेतला तर तक्रार करू नका, फायदाच आहे. ओल्या रस्त्यावर रंगाचे पट्टे डांबरापेक्षा निसरडे असतात, दुचाकीसाठी तर फारच. ब्रेक पट्ट्याच्या आधी मारून संपवायचा, पट्ट्यावर नाही. आतून काच धुरकटली की डावीकडचा छत्रीवाला दिसत नाही. एसी किंवा ब्लोअर काचेकडे वळवायला शिकून घ्या, ते बटण गाडी सुरू करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. रात्री पट्टे चमकतात ते रंगात मिसळलेल्या आणि वरून पेरलेल्या काचेच्या बारीक मण्यांमुळे. मानकाप्रमाणे गरम थर्मोप्लास्टिकचा थर अडीच मिलिमीटरचा आणि वर चौरस मीटरला २५० ग्रॅम मणी हवेत. मणी झिजले की पट्टा दिवसा दिसतो आणि रात्री गायब होतो, म्हणून रात्रीचा किमान एक धडा मागून घ्या. ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर डावीकडे वळताना मागची ट्रॉली आत कापत येते. तिच्या आणि फुटपाथच्या मधे गाडी घालायची नाही, आणि ट्रॉलीच्या आडून ओलांडणारा माणूस तिच्या शेपटाशीच प्रकट होतो हे लक्षात ठेवायचं.

फुटपाथचा विषय या कोर्सच्या बाहेरचा, पण माणसं रस्त्यात का चालतात हे चालकाला माहीत असावं. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं स्पष्ट केलं. फुटपाथवर गाड्या आणि माल असेल तर माणूस डांबरावर उतरणारच. आणि फुटपाथवर दोन चाकं चढवून पार्किंग शिकवणारा मास्तर भेटला तर तो धडा नम्रपणे नाकारा.

दुचाकीच्या कोर्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बहुतेक लोक ती घरातल्या घरात, दादाच्या मागे बसून शिकतात, आणि शहरातल्या पट्ट्यांवर सगळ्यात जास्त उच्छाद दुचाकींचाच असतो.

पर्याय म्हणून २०२१ पासूनच्या नियमांतली मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं आहेत. तिथे कारचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा, सिम्युलेटर आणि ट्रॅकसह, आणि तिथून पास झालं की आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ. तासांच्या हिशेबाने हा सौदा उजवा आहे. फक्त सिम्युलेटरवरचा पादचारी कधी बिचकून मागे फिरत नाही. रस्त्यावरचे तास तिथेही मोजून घ्या.

गुण द्यायचे तर: गाडीवरचा ताबा ५ पैकी साडेचार, पार्किंग आणि रिव्हर्स ४, कागदपत्रं ४, सिग्नल आणि खुणा ३, पट्ट्यासमोरचं वागणं २. हे शेवटचे दोन गुणही मास्तरांच्या स्वभावावर आहेत, अभ्यासक्रमावर नाहीत. ज्यांना गर्दीच्या वेळी बॅच घेता येते आणि तोंड उघडून मागणी करता येते, त्यांच्यासाठी कोर्स नक्की घेण्यासारखा. सकाळी सहाच्या बॅचवर अडून बसणार असाल तर निदान शेवटचे पाच दिवस संध्याकाळी सहाला बदलून घ्या.

पैसे भरण्याआधी शाळेत विचारायचं ते एवढं: एका फेरीत गाडीत किती शिकाऊ असतात, फॉर्म १५ वर सही कुणाची होते, गर्दीच्या वेळेचे किती धडे, रात्रीचा एक धडा मिळेल का, आणि गाडीला एल पाटी नीट आहे का. ती पाटी किमान १८ सेंटिमीटरची चौकोनी पांढरी, त्यावर किमान १० सेंटिमीटर उंचीचं लाल अक्षर, पुढे आणि मागे दोन्हीकडे हवी. काचेआड अर्धी झाकलेली चालत नाही, कारण मागचा सांभाळून राहतो तो तीच बघून. पहिला हप्ता अर्धाच द्या. बाकीचा अर्धा शेवटच्या आठवड्यात द्या, दसरा चौकात मास्तरांचे दोन्ही पाय मागे घेतलेले असताना तुम्ही स्वतः पट्ट्याअलीकडे गाडी उभी केल्यानंतर.